पट्टीखालची ओळ

"माझं झालंय हो कालच. पुन्हा कशाला?"

ऑपरेशन थिएटरच्या दारात स्ट्रेचरवर आडवे झालेले आजोबा हे इतक्या अदबीनं विचारत होते की तिथल्या सिस्टरला आधी गंमतच वाटली. मग तिनं आजोबांच्या मनगटावरचं नाव वाचलं, हातातल्या कागदाशी ताडून पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. आणायचं होतं एकोणीस नंबरच्या खाटेवरच्या माणसाला. आले होते सतरा नंबरचे आजोबा. हर्नियाचं ऑपरेशन आदल्याच दिवशी झालेलं, टाके अजून ओले. सिस्टरनं आजोबांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, त्यांच्याशी दोन गोड शब्द बोलली आणि तळघरात कंट्रोल रूमला फोन लावला.

आता कंट्रोल रूम म्हणजे नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा. एक टेबल, एक खुर्ची, एक कॉम्प्युटर, दोन फोन आणि धोबीखान्याकडे उघडणारी एक खिडकी, तीही वाफेच्या भीतीनं कायम बंद. तिथं बसायची ती बाई. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तेवढंच. इस्पितळात तिला सगळे 'कंट्रोल' म्हणत. वॉर्डबॉय 'कंट्रोलताई' म्हणत. नवरासुद्धा चेष्टेनं तेच म्हणायचा आणि वर, घरी मात्र हिचा कंट्रोल चालत नाही, अशी पुस्ती जोडायचा. चालायचा तो. सगळ्यांना माहीत होतं.

फोनवर सिस्टरनं काय ते सांगितलं. कंट्रोलनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी एकोणीसच पाठवला."

"मग सतरा नंबर काय स्वतःहून स्ट्रेचर घेऊन आले?"

कंट्रोलनं मघाचं सगळं पुन्हा आठवून पाहिलं. तिला लख्ख आठवत होतं. एकोणीसच्या ओळीवर पट्टी आणली, एंटर दाबलं. डोळ्यांसमोर दिसत होतं. पण आजोबा वर थिएटरच्या दारात होते, हेही तितकंच खरं.

तिचं काम समजायला सोपं आहे, करायला नाही. कुणाला एक्स-रेला न्यायचं असो, कुणाला थिएटरला, कुणाला नुसतं खालच्या मजल्यावर, वॉर्डातली सिस्टर तिच्या कॉम्प्युटरवर मागणी टाकते. ती मागणी कंट्रोलच्या काळ्या पडद्यावर एका ओळीत उमटते: वॉर्ड, खाट, कुठून कुठे, खुर्ची की स्ट्रेचर. अशा ओळींची पडदाभर रांग. कंट्रोल दोन-तीन अक्षरं टाइप करते, की ती अक्षरं असलेल्या ओळी तेवढ्या राहतात, बाकीच्या गुप्त. त्यातल्या हव्या त्या ओळीवर बाणाच्या बटणानं उजळ पट्टी आणायची आणि एंटर. ओळ थेट वॉर्डबॉयच्या फोनवर. माउस नाही, चित्रं नाहीत, रंगरंगोटी नाही. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. या प्रोग्रामचं नाव होतं 'वेचणी'. इस्पितळातल्याच एका माणसानं फार वर्षांपूर्वी तो लिहिला होता. कंट्रोलचा हात त्यावर असा बसला होता की दोन अक्षरं, बाण, एंटर हे तिला वेगवेगळं करावंच लागत नसे. भाजी चिरणाऱ्या बाईला सुरीकडे बघावं लागतं का?

आणि तरी आजोबा वर गेले. त्याआधी एक चाकाची खुर्ची भलत्याच वॉर्डात गेली होती. त्याच्याही आधी एका बाईंना विनाकारण एक्स-रेच्या रांगेत बसवून ठेवलं होतं. तेव्हा कंट्रोलनं हसून माफी मागितली होती. आता हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सुपरिंटेंडंट बाईंनी बोलावलं. बाई कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की थिएटरची सिस्टर सावध होती म्हणून निभावलं. मग जरा थांबून म्हणाल्या की इतकी वर्षं एका जागी बसून माणूस थकतो, कपड्यांच्या भांडारात जागा आहे, चादरी मोजायच्या, ताण नाही, विचार करा. कंट्रोल म्हणाली की वेचणी एकदा तपासून बघायला हवी. यावर बाईंनी चष्मा काढला.

"दुसऱ्या पाळीतल्या दोघी तीच वेचणी वापरतात. त्यांच्या हातून एकही चूक नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतील. मी म्हणत नाही, लोक म्हणतील."

"आणि अंगण खरंच वाकडं असलं तर?"

"तर दाखवा," बाई म्हणाल्या. "महिनाअखेरपर्यंत दाखवा."

दाखवा म्हणणं सोपं होतं. कंट्रोल जिना उतरली ती भिंतीला धरून. चादरी मोजण्याची तिला लाज नव्हती. तिला भीती होती ती दुसरीच, आणि ती तिनं अजून कुणापाशीही उच्चारली नव्हती.

भीती घरी होती, खिडकीपाशी खुर्चीत बसलेली. तिची आई. आई शिवणकाम करायची. शाळेचे सदरे शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एके दिवशी तिनं एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. गिऱ्हाईक परत आलं तर म्हणाली, पोराचे हातच तसे असतील. सगळे पोट धरून हसले, कंट्रोलही हसली. मग काजं उलट्या बाजूला यायला लागली, मापं चुकायला लागली, आणि दर वेळी आई ठामपणे सांगायची की मी बरोबरच केलंय, कापडच बदललं कुणीतरी. भांडायची. शपथा घ्यायची. तिला खरोखरच तसं आठवत असायचं, हीच तर गोम होती. आता ती सुई ओळखत नाही. लेकीला कधी बहीण समजते, कधी शेजारीण, कधी कुणीच नाही.

म्हणून 'मी एकोणीसच पाठवला' हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हा कंट्रोल स्वतःच दचकली होती. त्या वाक्याचा सूर तिच्या ओळखीचा होता. लख्ख आठवणं हा पुरावा नव्हे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? चूक वेचणीची असेल तर ती शहाणी होती. चूक वेचणीची नसेल तर आईच्या शेजारी आणखी एक खुर्ची मांडायची वेळ आली होती. मधलं काही नव्हतं.

त्या संध्याकाळी आईला भरवताना तिनं मनाशी पक्कं केलं. रडायचं नंतर. आधी बघायचं.

दुसऱ्या दिवसापासून ती वेचणीच्या मागे हात धुऊन लागली. प्रत्येक ओळ निवडताना डोळ्यात तेल घालून पट्टीकडे बघायची. पट्टी आणली, बघितली, एंटर दाबलं, पुन्हा बघितली. एकही चूक नाही. दुसरा दिवस तसाच. तिसराही. कामाचा वेग निम्मा झाला, वॉर्डांतून फोनवर फोन यायला लागले, ताई आज झोप झाली नाही का वगैरे. पण चूक काही सापडेना. वेचणी गरीब गायीसारखी वागत होती.  लक्ष दिलं की चूक होत नाही, याचा अर्थ लक्ष नसतं तेव्हा होते. म्हणजे दोष आपलाच, सरळच झालं की.

तिनं शेवटी पैलवानाला विश्वासात घेतलं. पैलवान हा वॉर्डबॉयांतला सगळ्यात जुना आणि सगळ्यात बारीक. फुंकर मारली तर उडेल असा, पण जाडजूड रोगी असला की स्ट्रेचर ओढायला त्यालाच बोलवत, कारण वळणावर त्याच्यासारखं स्ट्रेचर कुणाला फिरवता येत नसे. आजोबांना थिएटरला नेणाराही तोच होता, त्यामुळे त्यालाही बोलणी बसली होती. कंट्रोलनं त्याला सांगितलं की दुपारी वॉर्ड शांत असतो तेव्हा सिस्टरला विचारून तिच्या कॉम्प्युटरवर बस आणि मी फोनवर 'हं' म्हटलं की एक खोटी मागणी टाक. रिकाम्या खाटेची. मी खाली काय होतंय ते बघते.

पैलवान बसला. 'हं' म्हटलं की मागणी टाकायचा. ती मागणी गुपचूप रांगेच्या तळाशी येऊन उभी राहायची. वरच्या ओळी जिथल्या तिथे, पट्टी जिथल्या तिथे. 'हं' म्हणून म्हणून कंट्रोलचा घसा बसला. शेवटी ती म्हणाली, असू दे, जा, चहा पी. आणि रिकाम्या मनानं, पडद्यावरची खरीखुरी एक मागणी उरकायला तिनं सवयीप्रमाणे दोन अक्षरं टाइप केली. तीन ओळी राहिल्या. पट्टी दुसऱ्या ओळीवर आणली. त्याच क्षणी रांगेच्या डोक्यावर एक नवी ओळ टपकन येऊन बसली, खालच्या सगळ्या एकेक घर खाली सरकल्या, आणि पट्टी मात्र होती तिथेच राहिली. आता तिच्याखाली वेगळीच ओळ होती. मघापर्यंत पहिली होती ती.

कंट्रोलचं बोट एंटरवर होतं. ते तिनं तसंच अधांतरी धरलं.

"पैलवान, आत्ता काय केलंस?"

"काही नाही ताई. जाता जाता एक टाकली."

"कशी टाकली? नीट सांग."

तो जरा वरमला. म्हणाला की 'तातडीचे' या चौकोनात खूण केली. वॉर्डातल्या सिस्टर करतात तशी. हल्ली सगळे करतात, त्याशिवाय खुर्ची वेळेवर येतच नाही ना.

तर हे असं होतं बघा. तातडीची मागणी रांगेत सगळ्यात वर लागायची. पूर्वी तातडी म्हणजे तातडीच असायची, कधीमधी एखादी. मग एका वॉर्डानं शक्कल काढली की साध्या कामालाही तातडीची खूण करावी, म्हणजे खुर्ची लवकर येते. ते बघून दुसऱ्यानं केली, मग सगळ्यांनीच. लांडगा आला रे आला, रोज दिवसभर. आता ओळी सारख्या वरून पडत होत्या आणि रांग सारखी खाली सरकत होती. दुसऱ्या पाळीतल्या दोघी नवशिक्या, एंटर दाबण्याआधी दोनदा बघायच्या, त्यांना सरकलेली ओळ दिसायची. कंट्रोल स्वतः पाळत ठेवून बसली तेव्हा तिलाही दिसली असती, नव्हे, दोनदा तिनं नकळत पट्टी परत जागेवर आणलीही होती आणि त्याकडे लक्षच दिलं नव्हतं. हात बसलेल्या माणसालाच तेवढा तो फटका बसायचा. डोळ्यांनी ओळ बघितली आणि बोटानं एंटर दाबलं, या दोहोंच्या मधल्या फटीत. एकोणीसच्या वरची, सतरा नंबरची आदल्या दिवशीची राहून गेलेली थिएटरची ओळ अशीच पट्टीखाली आली होती.

ती खुर्चीत मागे टेकली. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि रडली. अगदी मनमोकळं. धोबीखान्यातली एक बाई दारावरून जाताना थबकली, तर तिला हातानंच सांगितलं की काही नाही, सगळं छान आहे.

वेचणी लिहिणाऱ्या माणसाला इस्पितळात वायरमामा म्हणत, कारण नोकरीत असेतो ते कायम कुणाच्या ना कुणाच्या टेबलाखाली वायरी जोडत बसलेले असायचे. आता निवृत्त होऊन घरी होते. एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन गेलेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. कंट्रोल सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरी गेली. मामींनी दारातच बजावलं की ह्यांना पडद्याकडे बघायची बंदी आहे, गप्पा काय त्या मारा. कंट्रोलनं मान डोलावली आणि पिशवीतून लॅपटॉप काढला. तो तिनं नवऱ्याकडून मागून आणला होता आणि त्यात वेचणीची प्रत भरून घेतली होती.

तिनं सांगितलेलं मामांना मुळीच रुचलं नाही. वेचणी म्हणजे त्यांचं लेकरू. त्यांनी वेचणीची सगळी पुण्याई ऐकवली. वीज गेली, यंत्रं बदलली, वरचे साहेब बदलले, वेचणी एक दिवस बंद पडली नाही. तातडीची मागणी वर लावायची हे त्या वेळच्या मोठ्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आणि ते बरोबर होतं.

"तातडीचं वर यायलाच हवं, अगं. हृदय बंद पडलेला माणूस काय रांगेत उभा करायचा?"

"येऊ दे की वर, मामा. पण मी धरलेली ओळ माझ्या हातातून का जावी?"

 मामांनी तिला एकदा करून दाखवायला सांगितलं. तिनं दाखवलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? ते नाक पडद्याला लावून बघत राहिले. पट्टी जागेवर, ओळ खाली. त्यांनी आणखी एकदा करायला लावलं. मग चष्मा काढून पुसला, जरी तो स्वच्छ होता.

"पट्टी मी जागेला बांधली," ते म्हणाले. "वरून दुसरी असेल तर दुसरी. ओळीला बांधायला हवी होती." आणि मग चष्मा परत लावत, "आजोबा बरे आहेत ना ते?"

बरे होते. घरी गेले होते, आणि जाताना पैलवानाला, पुढच्या वेळी नीट विचारून ने रे बाबा, असं सांगून गेले होते. हे ऐकून मामा हसले, आणि त्यानंतर काम सुरू झालं.

मामांना दिसत नव्हतं आणि कंट्रोलला प्रोग्राम लिहिता येत नव्हता. आंधळ्या-लंगड्याची जोडी. तर असं ठरलं की कंट्रोलनं एकेक ओळ मोठ्यानं वाचायची, मामांनी डोळे मिटून ऐकायचं आणि कुठे काय बदलायचं ते सांगायचं, मग तिनं ते टाइप करायचं. मामा चुकीच्या ठिकाणी सांगायचे, तीही चुकीचं ऐकायची. कंस राहिला की सगळं कोसळायचं. मामी चहा ठेवून जायच्या आणि पडद्याकडे बघत नाहीयेत ना, अशी खात्री करून घ्यायच्या. मामा प्रामाणिकपणे डोळे मिटूनच बसलेले असायचे. दर सुट्टीला आणि मधल्या संध्याकाळीही कंट्रोल तिथं जायला लागली. नवरा आईला सांभाळायचा. कुरकुर केली त्यानं, पण सांभाळलं.

प्रत्येक ओळीला स्वतःची खूण मिळाली आणि पट्टी त्या खुणेला चिकटली. आता वरून कितीही ओळी पडोत, पट्टी आपली ओळ घेऊन तिच्याबरोबर खाली जायची. मामांच्या मते काम झालं. कंट्रोलच्या मते नव्हतं. तिचं म्हणणं, ओळ नाचली की डोळाही नाचतो. मी बाण दाबत असताना रांग हलायलाच नको. नवीन मागण्या दाराबाहेर थांबू देत, खाली एका कोपऱ्यात नुसता आकडा दिसू दे, मी बटण दाबलं की आत घे. मामा म्हणाले, मग तातडीचा माणूस दाराबाहेर मेला तर? यावर दोघांचं चांगलंच वाजलं. एकदा तर ती लॅपटॉप मिटून निघाली आणि जिन्यातून परत आली. शेवटी सुवर्णमध्य निघाला: तातडीची मागणी आली की वर वेगळ्या चौकटीत दिसेल, रांगेला हात लावणार नाही. आणि 'तातडीचे' ही खूण करताना वॉर्डातल्या सिस्टरला कारण लिहावं लागेल. ही दुसरी युक्ती मामांची. पुढे ही वेचणी इस्पितळात सुरू झाली आणि आठवड्याभरातच तातडी एकदम ओसरली. कारण लिहायचा कंटाळा हे फार मोठं औषध आहे.

सुपरिंटेंडंट बाईंसमोर कंट्रोलनं जुनी वेचणी आणि नवी वेचणी दोन्ही चालवून दाखवल्या. पैलवान वर बसून मागण्यांचा पाऊस पाडत होता. बाईंनी सगळं नीट बघितलं, स्वतः एंटर दाबून बघितलं, जुन्या वेचणीत त्यांचीही ओळ हुकली.

"वाकडंच होतं की अंगण," त्या म्हणाल्या. "भांडाराचं विसरा."

कंट्रोल तळघरात आली ती जवळजवळ धावत. संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं, मनातली भीतीसुद्धा, तेव्हा कुठे त्याला कळलं की इतके दिवस बायकोला काय खात होतं. तो तिला वेडी म्हणाला. त्या शब्दाचं तिला त्या दिवशी फार बरं वाटलं.

इथं थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण गोष्टीला कुणी विचारत नाही.

नव्या वेचणीचा सगळ्यांना फायदा झाला, तसा तोटाही. आता इस्पितळात कुठे काही चुकलं की लोक वेचणीकडे बोट दाखवायचे. जेवण उशिरा आलं, वेचणी. लिफ्ट अडकली, तरी वेचणी. कंट्रोल प्रत्येकाला ठणकावायची की वेचणी आता धुतल्या तांदळासारखी आहे, तिच्या नावानं बिलं फाडू नका.

आणि मग एका दुपारी, वॉर्ड शांत असताना, बायकांच्या वॉर्डातून फोन आला. चार नंबरच्या पेशंटला एक्स-रेला न्यायला सांगितलं होतं, आणि पैलवान अकरा नंबरच्या आजींना उठवून खुर्चीत बसवतोय. आजी रात्रभर वेदनेनं तळमळल्या होत्या, नुकता कुठे डोळा लागला होता.

कंट्रोलनं पडद्याकडे बघितलं. निवडलेली ओळ नव्या वेचणीत तिथेच राहायची, काम पुरं होईतो. अकरा नंबरची, संध्याकाळच्या एक्स-रेसाठी आधीच टाकलेली ओळ उजळ होती. चार नंबरची तिच्याखाली तशीच पडून होती, न निवडलेली. बाहेर थांबलेल्या मागण्यांच्या कोपऱ्यात शून्य होतं. वरची चौकट रिकामी होती. काहीही पडलं नव्हतं, काहीही सरकलं नव्हतं. आणि तिला लख्ख आठवत होतं की तिनं चार नंबर निवडला.

पैलवान खाली आला. तो तिच्या चेहऱ्याकडे बघून घाईनं म्हणाला की ताई, मशीनचंच असेल काहीतरी, वायरमामांना सांगू, मी सिस्टरला तसंच सांगून आलोय. खोटं बोलणं त्याला येत नव्हतं, म्हणून तो खाली बघत होता. कंट्रोलनं तसं म्हटलं असतं तर खपलंही असतं. वेचणीवर खापर फोडायला सगळे तयारच होते.

"नाही," कंट्रोल म्हणाली. "वेचणी बरोबर आहे. चुकले मी."

"एखादी चूक कुणाचीही होते, ताई."

"होते ना. कुणाचीही होते. पण कुणाचीही आहे की माझी आहे, ते बघायला हवं."

तिनं वॉर्डात फोन करून माफी मागितली आणि चूक माझी, मशीनची नाही, असं स्पष्ट सांगितलं. मग पदराला हात पुसले, जिना चढली आणि सुपरिंटेंडंट बाईंच्या दारावर टकटक केलं. बाई कामात होत्या. कंट्रोल उभ्याउभ्याच बोलली. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ हवी, आपल्याच इस्पितळात, लवकरातली. बाईंनी कुणासाठी म्हणून विचारलं.

"वेचणी तपासली, बाई. आता मला तपासा. माझी आई घरी आहे, तुम्हाला माहीत आहे."

बाईंना माहीत होतं. त्यांनी फोन उचलून वेळ घेतली, पुढच्या आठवड्यातली. मग तोपर्यंत भांडारात बसता का, असं विचारावं की विचारू नये, या विचारात त्या घुटमळल्या. ते कंट्रोलनं ओळखलं आणि म्हणाली की तोपर्यंत माझ्या हातून चुकून कुणाची खाट हलणार नाही अशी सोय करते, दोन दिवस द्या, ते दोन दिवस दुसऱ्या पाळीतलीला बसवा. नाही जमलं तर चादरी मोजीन.

वायरमामांचं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्याला पट्टी होती. त्यांनी आधी घाबरून विचारलं, आता काय चुकलं?

"वेचणीचं काही नाही. अजून एक वाढवायचंय. एंटर दाबलं की ओळ लगेच जायला नको. तिनं विचारायला हवं, खाट कितवी? मी मनातला आकडा टाकीन. ओळीतल्या खाटेशी जुळला तर जाऊ दे. नाहीतर नको."

मामांनी नाक मुरडलं. दर ओळीला दोनदा काम, लोक वैतागतील, वेग मरेल. वेचणीची सगळी शानच तिच्या वेगात. असलं कुणाला हवंय?

"मला," कंट्रोल म्हणाली.

 मामांनी आवाजाचा अंदाज घेत खुर्ची तिच्याजवळ ओढली. मामी दारात आल्या होत्या, त्या तशाच आत गेल्या. "वाच," मामा म्हणाले. "जिथं ओळ बाहेर जाते तिथून वाच. आणि ज्यांना नको त्यांच्यासाठी हे बंद ठेवता येईल असं करू. तुझ्यासाठी चालू."

दोन दिवसांनी ती आपल्या खुर्चीत बसली. सकाळ धकाधकीची होती. दोन अक्षरं, बाण, एंटर. वेचणी विचारायची, खाट कितवी? ती आकडा टाकायची. ओळ जायची. पहिल्या तासात तिला स्वतःचाच राग आला, इतका वेळ लागत होता. वॉर्डांतून फोन यायला लागले. तिनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, थोडा वेळ लागेल, पण माणूस बरोबर येईल. दुपारपर्यंत हाताला नवी चाल सापडली.

पुरुषांच्या वॉर्डातून स्ट्रेचरची मागणी आली. तिनं अक्षरं टाइप केली, पट्टी आणली, एंटर दाबलं. खाट कितवी? तिनं आकडा टाकला. ओळ गेली नाही. पडद्यावर तेवढंच लिहून आलं: जुळत नाही.

ती आकड्याकडे बघत राहिली. पैलवान दारात स्ट्रेचर घेऊन उभा होता, फोन हातात धरून, ओळ यायची वाट बघत.  वर वॉर्डात कुणाचंही पांघरूण ओढलं गेलं नव्हतं, कुणाचीही झोप मोडली नव्हती.

तिनं आकडा पुसला, पडद्यावरच्या ओळीखाली बोट ठेवून ती पहिल्यापासून वाचली आणि खाटेचा नंबर पुन्हा टाकला.